उंटाच्या घरातलं प्यादं

वणी
८ जानेवारी २००२

१. रविवार, ६ जानेवारी, यवतमाळ. जिल्हा महिला बुद्धिबळ संघाची निवड स्पर्धा, शेवटची फेरी. पांढरी मोहरी निकिता, बाभुळगाव. काळी मोहरी मी, फिजा, वणी.

२. सुरुवातीच्या खेळींत तू एकही प्यादं दोन घरं टाकलं नाहीस. सगळी एकेक घर. दोन्ही उंट बाजूंना, प्याद्यांच्या आड. ही मांडणी तू पॉलिटेक्निकच्या होस्टेलमध्ये माझ्याकडून शिकलीस. मी ढाणकीला गफ्फारमामूंकडून शिकले.

३. चौदाव्या खेळीला मी राजा उचलला आणि एक घर सरकवला. खेळी वाईट होती. त्यानंतर मला राजा हत्तीच्या आड नेऊन किल्लेकोट करता आला नाही.

४. शेवटी तुझ्याकडे घोडा होता, माझ्याकडे दोन प्यादी. तू घोडा देऊन एक प्यादं मारलंस. पटावर दोन राजे आणि माझं एक प्यादं उरलं.

५. ते प्यादं शेवटच्या घरात पोचलं. त्याच्या जागी वजीर ठेवायला हवा होता. मी उंट ठेवला.

६. एकट्या उंटानं मात होत नाही. पंच हरिसिंग सरांनी डाव बरोबरीत सुटल्याचं जाहीर केलं.

७. त्या अर्ध्या गुणामुळे तू चौथी आलीस, म्हणजे संघात. मी पाचवी, म्हणजे राखीव.

निकिता,

एवढंच घडलं. पायऱ्यांवर तू म्हणालीस, "मले दान नको, फिजा," आणि निघून गेलीस. तेव्हा मी काही बोलले नाही, कारण आजूबाजूला लोक होते आणि तुझी एसटी लागलेली होती. आता लिहिते. ते दान नव्हतं. चूक होती. संघात जाण्याच्या संमतीच्या कागदावर सही करून यवतमाळला पाठवून दे.

माझा पत्ता बदलला आहे. मागे लिहिला आहे.

फिजा


बाभुळगाव
१२ जानेवारी २००२

फिजाबाई,

सात मुद्दे मिळाले. वजनकाट्याची पावतीच आली म्हटलं. गाडी चढली, आकडा आला, गाडी उतरली. तू दिवसभर कापसाच्या जिनिंगचे आणि कोळशाचे काटे तपासतेस हे मला यवतमाळला कळलं, पण मी काही ट्रक नाही.

आता माझी बाजू ऐक. तुझी मारलेली मोहरी माझ्या हाताशी होती. काळा वजीर माझ्या कोपरापाशी उभा, उंट त्याच्या मागे. तू हात लांब केलास, वजिराच्या डोक्यावरून नेलास आणि मागचा उंट उचललास. चुकून माणूस जवळचं उचलते की मागचं? बरं, उंट ठेवलास तरी घड्याळ दाबलं नाहीस. थांबलीस. आणि माझ्याकडे पाहून हसलीस. दोन वर्षांत तुझी एक ओळ नाही, आणि नेमकी तेव्हा हसलीस!

तू सभागृहात मागे राहिलीस म्हणून तुला माहीत नाही. तुमच्या वणीची जया नळावर पाणी पिता पिता सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "बाभुळगावची पोट्टी उंटावर बसून संघात गेली वं माय." मी म्हटलं, "तू तं पायीच घरी चालली." सगळ्या हसल्या. पण ते नुसतं तोंडाचं बोलणं होतं. एसटीत बसल्यावर मला तेच ऐकू येत होतं.

घरी काय झालं ते सांगते. आईनं, म्हणजे मैनाबाईंनी, अर्ध्या गल्लीत सांगून टाकलं. बाबांचं तुला माहीत नसेल. त्यांनी कापूस सोडला. यंदा सगळी तूर आणि सोयाबीन. ज्या वर्षी अळीनं बोंडं खाल्ली आणि मी तुमच्या पॉलिटेक्निकमधून सामान उचललं, त्या वर्षापासून ते संध्याकाळी ओट्यावर बसतात आणि बोलत नाहीत. नुसते रस्त्याकडे पाहतात. रविवारी मी आले, तर म्हणाले, "कुठी हाय वं ते पुढची स्पर्धा?"

"नाशिकले."

"मंग थंडी असन तिकडे. स्वेटर पाह्य."

एवढंच. पण त्यांनी होऊन मला काही विचारलं त्याला किती दिवस झाले असतील, मला आठवत नाही. आता त्यांना मी काय सांगू? बाबा, मी जिंकली नाही, हरलीही नाही, मैत्रिणीनं मला वाटेत पडलेलं काहीतरी उचलून दिलं?

मांडणीबद्दल लिहिलंस. दुसरी कोणती खेळू मग? तुझ्यानंतर मला कोणी काही शिकवलं नाही. मी टायपिंगच्या क्लासमध्ये शिकवते. इथं बायकांत खेळणारी एकही नाही, आणि चौकात बसून गड्यांशी खेळले तर आई पट चुलीत घालील. म्हणून घरी येऊन दोन्हीकडून मीच खेळते. पांढऱ्याकडून मी, काळ्याकडून तू. तुझ्या खेळी मी बऱ्या खेळते, तुझ्यापेक्षा बऱ्याच.

आता सरळ सांग. कीव आली होती का? मी शिक्षण अर्ध्यात सोडलं म्हणून? स्पर्धेचं प्रमाणपत्र नोकरीत खेळाडूंच्या राखीव जागेला उपयोगी पडेल, हे तुला कोणी सांगितलं होतं का? तसं असेल तर मी हरिसिंग सरांना नकार कळवते. तू राखीव आहेस, तू जा. संमती ८ फेब्रुवारीपर्यंत यवतमाळला पोचायला हवी. दिलेल्या जागेवर बसून मी नाशिकला जाणार नाही.

निकिता


वणी
१६ जानेवारी २००२

निकिता,

कीव आली नव्हती. प्रमाणपत्राबद्दल मला तुझ्या पत्रातूनच कळलं.

हात वजिराच्या डोक्यावरून गेला हे खरं आहे. त्याचं कारण लिहिते.

मामूंचं ढाणकीला मोटरपंप दुरुस्तीचं दुकान आहे, ते तुला माहीत आहे. ते एकदा होस्टेलवर आले होते, तेव्हा तुला खारे शेंगदाणे देऊन गेले होते. त्या दुकानात अजूनही देशी पद्धतीनं खेळतात. देशीत प्यादं कधीच दोन घरं जात नाही, म्हणून ती मांडणी तशी हळू आहे. किल्लेकोट नसतो. राजाला एकदाही शह बसलेला नसेल, तर त्याला एकदाच घोड्यासारखी अडीच घरांची उडी मारता येते. आणि प्यादं पोचलं की ते ज्या घरात पोचलं त्या घराच्या मालकासारखं होतं. हत्तीच्या घरात हत्ती. घोड्याच्या घरात घोडा. वजीर फक्त राजाच्या किंवा वजिराच्या घरात. माझं प्यादं उंटाच्या घरात पोचलं होतं. हे नियम मी तुला होस्टेलमध्ये शिकवले नाहीत, कारण स्पर्धेत त्यांचा उपयोग नव्हता. फक्त मांडणी शिकवली.

स्पर्धेचे नियम मला चांगले माहीत आहेत. गेली सहा वर्षं मी त्यांनीच खेळते आणि अशी चूक कधी केली नाही. पण या सहा वर्षांत कुठल्याही स्पर्धेत समोरून ती मांडणीही कोणी खेळलं नव्हतं.

माझ्या तिसऱ्या मुद्द्याकडे तू लक्ष दिलं नाहीस. चौदाव्या खेळीला मी राजा उचलला तो उडी मारायला. तो हवेत असताना माझ्या लक्षात आलं. हात लागलेलं मोहरं हलवावंच लागतं, म्हणून एक घर सरकवला. त्या वेळी तू हरत नव्हतीस. डाव समान होता. कीव करण्याचं काही कारण नव्हतं आणि नुकसान पूर्णपणे माझं झालं. म्हणजे चूक शेवटी झाली नाही, तेव्हाच सुरू झाली होती. काटा एकदा शून्यावरून सरकला की पुढची सगळी वजनं तेवढीच चुकतात. चढवलेल्या गाडीचा त्यात दोष नसतो.

मी हसले नाही. घड्याळ दाबायला उशीर झाला तो थकव्यामुळे.

तुझ्या बाबांनी कापूस सोडला हे माहीत नव्हतं. काल एका जिनिंगच्या काट्यावर होते. आवारात मोजून तीन बैलगाड्या. मागच्या जानेवारीत रांग रस्त्यापर्यंत होती आणि मला काट्यापर्यंत पोचायला गाड्यांखालून वाकून जावं लागलं होतं. मी वजनं ठेवून तपासत होते, तर एक गाडीवान म्हणाला, "काट्याले काहून तरास देऊन राह्यल्या बाई? काटा बराबर हाय. कापूसच आला नाही." मी तपासणी पूर्ण केली. काटा खरोखर बरोबर होता.

सही कर.

फिजा


बाभुळगाव
२७ जानेवारी २००२

फिजा,

तुझं पत्र वाचून मी पट मांडला आणि चौदाव्या खेळीपर्यंत डाव खेळून पाहिला. राजा उचलून अडीच घरं उडवला. बरोबर बसतो. त्या उडीनं तुझा डाव सुंदर होतो ग. तरीसुद्धा माझ्या मनात आलं, ही हुशार आहे, आठ दिवसांत असं कारण सहज जुळवील. म्हणून मी मामूंना पत्र टाकलं. तुझं नाव घालून काही विचारलं नाही, फक्त स्पर्धेतल्या एका प्याद्याचं आणि पंचांच्या निकालाचं विचारलं. पण त्यांना कळलंच. त्यांचं उत्तर परवा आलं. उतरवून देते, कारण मूळ पत्र मी ठेवून घेणार आहे.

"बेटी निकिता, दुवा. तुझं पत्र भेटलं. मी वाचलं, मंग चहावाल्याले वाचून दाखवलं, तो बी हसला. तू विचारतं का प्यादं उंटाच्या घरात गेलं तं काय होते. उंट होते! अजून काय होईन? वजीर का बोरीवर लागते का, का जिथी हात घातला तिथी वजीर? उंटाच्या घरात वजीर ठेवला असता तं मी त्या पोट्टीच्या हातावर पाना हाणला असता. लहानपणी दोन डाव हाणला बी हाय. तुमच्या पंचाले सांग, फिजा बराबर हाय, तुमचा कायदा चुकला. आमच्या दुकानात कोणाचं प्यादं उंट झालं का सारे एका दमात वरडतात, 'उंटाले पाणी पाजा!' अन् समोरच्यानं चहा सांगायचा, असा रिवाज हाय. म्हणजे होता. आता वरडाले कोणी नाही. सेवादास कामासाठी सुरतेले गेला. किसनसिंगले त्याची पोरं घेऊन गेली. कपाशी बसली तसं दुकान बी बसलं, पंप कोण दुरुस्त करते? मी पट मांडतो अन् दोन्हीकडून खेळतो. फिजा दीड वरीस झालं आली नाही. ईदले बी नाही. तिले सांग, काळी बाजू खाली हाय. तुझा मामू, गफ्फार."

दोन्हीकडून खेळतो, हे वाचलंस ना? बाभुळगावला मी, ढाणकीला मामू. वणीला तू काय करतेस, ते तू लिहीत नाहीस.

तर चूक खरी. मानलं. दान नव्हतं. जयाला मी आता बरोबर पाहून घेईन.

पण एका ठिकाणी तू खोटं बोललीस. थकवा म्हणे! मी समोर बसले होते. तू हसलीस, आणि तसं हसलेलं मी तुला होस्टेलमध्येही फार तर दोनदा पाहिलं असेल. मी निघाले त्या दिवशी तू माझी ट्रंक उचलून एसटीच्या टपावर चढवलीस. मी रडत होते. तू म्हणालीस, "सव्वादोनला सुटते." बस. मग दोन वर्षं काही नाही. असली तू, आणि माझा हरलेला डाव बरोबरीत गेला तेव्हा हसतेस. त्यात मी कुठे होते? माझ्यावर हसलीस, की माझ्यासाठी हसलीस? हे कळल्याशिवाय मी सही करणार नाही. तुला हे बारीक वाटेल. मला नाही वाटत.

बाबांनी स्वतः पेटीतून स्वेटर काढून उन्हात टाकला आहे. रोज टाकतात. संध्याकाळी आत आणतात. मला काही विचारत नाहीत.

निकिता


वणी
३० जानेवारी २००२

निकिता,

हसले होते. तुझं बरोबर आहे.

तुझ्यावर नाही आणि तुझ्यासाठीही नाही. कशावर, ते नेमकं सांगायचा प्रयत्न करते.

तू पहिली चार प्यादी एकेक घर सरकवलीस, तेव्हा पुढे काय येणार हे मला माहीत होतं. उंट कुठे जाणार, घोडा कुठून येणार. वणीत माझ्यापुढे येणारं मला काही माहीत नसतं, आणि जे माहीत असतं ते काटे असतात. तो डाव संपूर्ण दुपारभर चालला. त्या वेळात मी यवतमाळच्या सभागृहात नव्हते. मामूंच्या दुकानात होते, आणि समोर तू होतीस. तू तिथं कधी आली नाहीस, तरी होतीस. उंट ठेवल्यावर मी घड्याळ दाबलं नाही, कारण तिथं घड्याळ नसतं. मी थांबले ते कोणीतरी ओरडेल म्हणून. ते ओरडणं आता येईल, या विचारानं मी हसले. कोणी ओरडलं नाही. मग मी तुझ्याकडे पाहिलं. तुझा चेहरा पांढरा पडला होता. तेव्हा मला कळलं की मी कुठे आहे आणि काय ठेवलं आहे. ठेवलेलं मोहरं बदलता येत नव्हतं.

यात थकवा नव्हता. तो शब्द लिहायला सोपा होता.

अजून एक गोष्ट मी तुझ्यापासून दोन्ही पत्रांत लपवली. मला नाशिकला जायचं होतं. आधीच रजा मागून ठेवली होती आणि मालकांनी दिलीही होती. नवी बॅग घेतली होती. त्या रविवारी रात्री खोलीवर येऊन मी ती बॅग पलंगाखाली ढकलली आणि जेवले नाही. म्हणून कीव आणि दान हे दोन्ही शब्द मला लागले. मी काही दिलं नाही. माझं गेलं. ते तुला मिळालं, कारण तू दोन वर्षं एकटीनं ती मांडणी घोटलीस, आणि तिनं मला चौदाव्या खेळीपासून शेवटच्या खेळीपर्यंत वाकवलं. मला ते तेव्हा कळलं नाही, तुलाही नाही. पण तो अर्धा गुण तू मिळवलेला आहे. हे मी तुला बरं वाटावं म्हणून लिहीत नाही. बरं वाटावं म्हणून काही लिहिणं मला जमत नाही, हे तुला माहीत आहे.

दोन वर्षांत तुला तीन पत्रं सुरू केली. पहिल्यात डिप्लोमा मिळाल्याचं होतं, दुसऱ्यात नोकरीचं, तिसऱ्यात खोलीचं. जे तुझं अर्ध्यावर थांबलं तेच मी तुला कळवत होते, म्हणून एकही टाकलं नाही. त्याखेरीज लिहिण्यासारखं काही नव्हतं. तू विचारलंस वणीला मी काय करते. सहा वाजता परत येते. घरमालकीण हंसाबाई दारातून विचारते, "लाइट बंद केला होता ना वं सकाळी?" मी हो म्हणते. दुसऱ्या दिवशी कामावर जाईपर्यंत मी बोललेला तो शेवटचा शब्द असतो. मी दोन्हीकडून खेळत नाही. पट मांडतच नाही. मांडला की समोरची जागा दिसते.

मामूंना आज वेगळं पत्र टाकलं आहे. या रविवारी ढाणकीला जाते आहे.

आता कामाचं. मी काल हरिसिंग सरांना फोन केला. राखीव खेळाडूला संघाबरोबर जाता येतं. खर्च स्वतःचा, आणि कोणी आजारी पडल्याशिवाय खेळायला मिळत नाही. मुलींना दोघींत एक खोली आहे. तुझ्या खोलीत अजून कोणाचं नाव नाही. सर म्हणाले, "मंग तिलेच विचार ना, मले काय विचारतं?"

म्हणून विचारते. मला यायचं आहे. तू कोणत्या फेरीत काय खेळलीस ते संध्याकाळी ऐकायचं आहे, आणि कोणीतरी माझ्याशी सहानंतर बोलायला हवं आहे. तुला अवघड वाटत असेल तर नाही लिही. कारण द्यायची गरज नाही, आणि तू नाही म्हणालीस तरी संमतीवर सही कर. ती या प्रश्नाशी जोडलेली नाही.

सही झाली का, आणि मी येऊ का, ही दोन्ही उत्तरं मला मंगळवार, ५ फेब्रुवारीपर्यंत पाठव.

फिजा